२६ गिगाहर्ट्झवर बीम वळवणारा चार घटकांचा अँटेना: फेज शिफ्टर वापरावेत की बटलर मॅट्रिक्स?

प्रश्न: तरंग२६

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. प्रकल्पासाठी मी २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ हा पट्टा निवडला आहे, कारण २०२२ च्या लिलावात ५जी सेवेसाठी भारतातील कंपन्यांनी घेतलेला मिलिमीटर-तरंगांचा पट्टा हाच आहे. चार पॅच घटकांचा (पत्र्यावरच्या तांब्याच्या लहान चौकोनी अँटेनांचा) एका ओळीतील संच, म्हणजे अ‍ॅरे तयार करून त्याचा बीम (लहरींचा झोत) विद्युतीय पद्धतीने डावीकडे-उजवीकडे वळवून दाखवायचा, एवढेच माझे उद्दिष्ट आहे. मात्र काम सुरू करण्यापूर्वीच काही शंका उभ्या राहिल्या आहेत आणि जाणकारांनी त्यांचे निरसन करावे, अशी विनंती आहे.

पहिली शंका मूलभूत आहे. ग्राहकापर्यंत किती शक्ती पोहोचते हे सांगणाऱ्या फ्रीसच्या सूत्रानुसार वारंवारता दहापट झाली की मार्गातील हानी २० डेसिबेलने, म्हणजे शंभरपट, वाढते. २.६ आणि २६ गिगाहर्ट्झ या दोन्ही वारंवारतांना कोरडी हवा जवळजवळ सारखीच पारदर्शक असेल, तर ही २० डेसिबेल ऊर्जा जाते कोठे? अ‍ॅरे वापरून आपण ती परत मिळवतो असे सर्वत्र लिहिलेले आढळते, पण जी ऊर्जा नाहीशी झाली ती परत मिळते कशी, हे मला उमगलेले नाही.

दुसरी शंका रचनेबद्दल आहे. प्रत्येक घटकामागे लहरीची फेज, म्हणजे आंदोलनातला टप्पा, मागेपुढे करणारा फेज शिफ्टर बसवावा, की बटलर मॅट्रिक्स हे ठरावीक फेज वाटून देणारे जाळे वापरून ठरावीक दिशांचे बीम मिळवावेत? आमच्या प्रयोगशाळेत एफआर-४ चे (नेहमीच्या छापील परिपथांसाठी वापरतात तसे) पत्रे भरपूर आहेत. त्यावर हे काम होईल का?

तिसरी शंका माझ्या गावामुळे आली. माझे घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. कोकणातील पावसात २६ गिगाहर्ट्झचा दुवा टिकेल का, आणि बीम वळवता येण्याचा तेथे काही उपयोग होईल का?

उत्तर १: दक्षिणोत्तर

तुमच्या पहिल्या शंकेचा उलगडा झाल्याखेरीज पुढील दोन शंकांना हात घालू नये, कारण अ‍ॅरेची गरज नेमकी कशातून निर्माण होते हे तेथेच कळते.

ऊर्जा कोठेही जात नाही. प्रसारकातून निघालेली शक्ती सर्व बाजूंना पसरते आणि ठरावीक अंतरावर दर चौरस मीटरमागे किती शक्ती येते, हे केवळ त्या अंतरावर ठरते. तेथे वारंवारतेचा काहीही संबंध नसतो. फ्रीसच्या सूत्रात वारंवारता शिरते ती ग्राहकाच्या बाजूने. सर्व दिशांना सारखाच संवेदनशील असलेला आदर्श अँटेना जेवढ्या क्षेत्रावरची शक्ती गोळा करतो, ते क्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाला चार गुणिले पाय (π) या संख्येने भागून मिळते. २.६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ११५ मिलिमीटर असल्यामुळे हे क्षेत्र साधारण साडेदहा चौरस सेंटीमीटर भरते. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर होते आणि क्षेत्र साडेदहा चौरस मिलिमीटरवर येते. म्हणजे ज्याला आपण ‘मार्गातील हानी’ म्हणतो, त्यातील वारंवारतेचा वाटा हा प्रत्यक्षात अँटेना लहान झाल्याचा परिणाम आहे.

आता ग्राहकाला पूर्वीइतकेच साडेदहा चौरस सेंटीमीटरचे क्षेत्र पुन्हा द्या, म्हणजे त्या जागेत लहान लहान घटक शेजारीशेजारी मांडा. गोळा होणारी शक्ती पूर्ववत होते. प्रसारकालाही तेवढेच क्षेत्र दिले तर २६ गिगाहर्ट्झचा दुवा २.६ गिगाहर्ट्झच्या दुव्यापेक्षा २० डेसिबेलने सरस ठरतो. हे ऐकताना विचित्र वाटते, पण मोकळ्या जागेत आणि समोरासमोरच्या दुव्यासाठी ते अक्षरशः खरे आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती दिशेच्या रूपात: क्षेत्र तेच ठेवून तरंगलांबी कमी केली की बीम अरुंद होतो, आणि अरुंद बीम योग्य दिशेला रोखलेला नसेल तर तो काहीच कामाचा नाही. म्हणून मिलिमीटर-तरंगांच्या दळणवळणाचा कस शक्ती वाढवण्यात नसून दिशा शोधण्यात आणि ती टिकवण्यात लागतो, असे माझे ठाम मत आहे. भिंती, काच, मानवी शरीर यांनी होणारा अडथळा हा निराळा विषय आहे. तो खराच मोठा आहे, पण त्याची गल्लत फ्रीसच्या सूत्रातील २० डेसिबेलशी करू नये.

दिशेचे हे महत्त्व नवे नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिलिमीटर तरंगलांबीपर्यंतच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हाही त्यांच्या उपकरणांत हॉर्न अँटेना, तरंगनळ्या आणि लहरी एकवटणारी भिंगे होती.

बीम वळवण्याचे गणित सोपे आहे. एका ओळीत अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने घटक मांडले आहेत असे धरा. समोरच्या लंब दिशेशी ३० अंशांचा कोन करणाऱ्या दिशेला लहर पाठवायची असेल, तर शेजारच्या घटकांपासून निघणाऱ्या लहरींच्या मार्गात अर्ध्या तरंगलांबीला ३० अंशांच्या साइनने गुणून येणारा, म्हणजे पाव तरंगलांबीचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी चार घटकांना क्रमाने ०, ९०, १८० आणि २७० अंशांची फेज द्यावी लागते. ४५ अंशांसाठी दर पायरीला सुमारे १२७ अंश लागतात. घटकांमधील अंतर मात्र मनमानीने वाढवू नका. ते ०.७ तरंगलांबी ठेवले, तर बीम सुमारे २५ अंशांपलीकडे वळवताच विरुद्ध बाजूला ग्रेटिंग लोब डोके वर काढू लागतो, म्हणजे तुमची शक्ती दोन ठिकाणी विभागली जाते.

हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर तमिळनाडूतील उटीची रेडिओ दुर्बीण पाहावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या गटाने ती उभारली आणि १९७० मध्ये ती कार्यान्वित झाली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा तिचा परावर्तक आहे. पूर्व-पश्चिम दिशेला तो यंत्राने फिरतो, पण उत्तर-दक्षिण दिशेला तिचा बीम १०५६ डायपोलांच्या ओळीला योग्य फेज देऊनच वळवला जातो. तिची वारंवारता ३२६.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ९२ सेंटीमीटर. तुमची तरंगलांबी त्याच्या एक-ऐंशीअंश आहे, परंतु फेजचे समीकरण तेच आहे. आपल्याकडच्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच परंपरेतून पुढे आली, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

उत्तर २: तांबेपत्रा

दक्षिणोत्तर यांनी पाया घातला आहे, त्यामुळे मी थेट तांब्याकडे आणि लॅमिनेटकडे वळतो. मी अनेक वर्षे सूक्ष्मतरंगांच्या पीसीबींचे (छापील परिपथांचे) काम करत आहे आणि २६ गिगाहर्ट्झवर प्रकल्प कोठे फसतात, हे जवळून पाहिलेले आहे.

एफआर-४ वापरू नका. त्याचा लॉस टॅन्जंट (पदार्थात किती शक्ती वाया जाते याचे माप) ०.०२ च्या आसपास असतो, आणि या वारंवारतेला मायक्रोस्ट्रिप रेषेत (पत्र्यावरील तांब्याच्या पट्टीत) केवळ परावैद्युत हानी दर सेंटीमीटरला सुमारे पाऊण डेसिबेल होते. तांब्यातील हानी त्यावर वेगळी. बटलर मॅट्रिक्समधून जाणारा मार्ग तीन-चार सेंटीमीटरचा सहज होतो, म्हणजे अ‍ॅरेने मिळवून दिलेल्या ६ डेसिबेलपैकी निम्मे तुम्ही पत्र्यातच गमावता. याहून वाईट गोष्ट अशी की एफआर-४ मध्ये काचेच्या धाग्यांचे विणकाम आणि राळ यांचे प्रमाण जागोजागी बदलते, त्यामुळे दोन सारख्या लांबीच्या रेषांची विद्युतीय लांबी सारखी राहील याची खात्री देता येत नाही. फेजवर उभ्या असलेल्या रचनेला हे परवडणारे नाही. रॉजर्सच्या आरओ४३५०बी लॅमिनेटचा लॉस टॅन्जंट १० गिगाहर्ट्झला ०.००३७ आहे आणि आरटी/ड्युरॉइड ५८८० चा ०.०००९. विद्यार्थी प्रकल्पासाठी मी दुसरा सुचवेन, जाडी ०.२५४ मिलिमीटर. लॅमिनेट मागवताना तांब्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, रोल्ड प्रकारचा घ्या. २६ गिगाहर्ट्झला तांब्यातील प्रवाह केवळ ०.४ मायक्रॉन खोलीपर्यंत वाहतो आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्याहून मोठा असेल तर रोधजन्य हानी स्पष्टपणे वाढते.

आता तुमचा मूळ प्रश्न. चार घटकांसाठी आणि विद्यार्थ्याच्या हाती असलेल्या साधनांसाठी मी बटलर मॅट्रिक्सच्या बाजूने कौल देईन. त्यात चार ब्रँचलाइन कपलर (संकेत दोन समान भागांत वाटणारे), दोन क्रॉसओव्हर (दोन रेषा एकमेकींना ओलांडतात त्या जागा) आणि ४५ अंशांच्या दोन रेषा एवढेच असते. कोणताही सक्रिय घटक नाही, वीजपुरवठा नाही, नियंत्रणाचे सॉफ्टवेअर नाही. चार प्रवेशांपैकी ज्याला संकेत द्याल त्यानुसार घटकांमधील फेजची पायरी उणे १३५, उणे ४५, अधिक ४५ किंवा अधिक १३५ अंश मिळते. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर त्यांतून बीम १४.५ आणि ४८.६ अंशांवर, दोन्ही बाजूंना मिळून चार, तयार होतात. घटक चारच असल्यामुळे प्रत्येक बीमची रुंदी साधारण २६ अंश असते, आणि ४८.६ अंशांवरचे बीम त्याहून बरेच रुंद होतात.

फेज शिफ्टरच्या मार्गाने जायचे असेल तर सुटे भाग जोडत बसण्यापेक्षा बीमफॉर्मर चिप घ्यावी लागते. तिच्यात प्रत्येक शाखेसाठी फेज शिफ्टर, गेनचे नियंत्रण, प्रवर्धक आणि प्रसारण-ग्रहणाचा स्विच एकत्र असतात. अडचण अशी की या चिपांच्या तळाशी अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर सोल्डरचे गोळे असतात, त्यामुळे अनेक थरांचा पीसीबी, यंत्राने केलेले सोल्डरिंग आणि क्ष-किरण तपासणी हे सारे ओघाने येते. फेजच्या पायऱ्यांची मात्र काळजी करू नका. चार बिटांच्या फेज शिफ्टरची पायरी २२.५ अंशांची असते, तरीही त्यामुळे मुख्य बीमच्या गेनमध्ये (एका दिशेला शक्ती एकवटण्याच्या प्रमाणात) ०.१ डेसिबेलही घट होत नाही. दोन बिटांचा वापरला तरच ती ०.९ डेसिबेलपर्यंत जाते. खडबडीत पायऱ्यांनी खरे बिघडतात ते साइड लोब, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूंना उमटणारे नको असलेले छोटे बीम.

बटलर मॅट्रिक्स कागदावर सोपे दिसते, पण २६ गिगाहर्ट्झवर एक पेच आहे. ५८८० च्या ०.२५४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर मार्गदर्शित तरंगलांबी सुमारे ८.४ मिलिमीटर, म्हणजे कपलरची प्रत्येक बाजू अवघी २.१ मिलिमीटर असते. ५० ओहमची रेषा पाऊण मिलिमीटर रुंद आणि ३५ ओहमची सव्वा मिलिमीटर रुंद. जिची लांबी रुंदीच्या दुप्पटही नाही तिला ‘रेषा’ म्हणणेच धाडसाचे आहे. सांध्यांपाशी विद्युतक्षेत्र इतके विस्कटते की सूत्रांवरून काढलेल्या मापांचा कपलर हमखास चुकीच्या वारंवारतेला काम करतो. प्रत्येक कपलर पूर्ण विद्युतचुंबकीय सिम्युलेशनमध्ये स्वतंत्रपणे जुळवा, मगच जोडणी करा. मार्गांच्या लांबीत ०.१ मिलिमीटरची तफावत पडली तरी ४ अंशांहून अधिक फेज चुकते, हे रेखांकन करताना सतत ध्यानात ठेवा.

पॅचबद्दलही एक सावधगिरी. या जाडीवर साध्या पॅचची बँडविड्थ अडीच टक्क्यांच्या घरात, म्हणजे साधारण ६५० मेगाहर्ट्झ असते. पूर्ण पट्टा सव्वातीन गिगाहर्ट्झचा आहे. तो सगळा व्यापण्याचा हट्ट धरू नका. ४०० मेगाहर्ट्झचा एक चॅनल निवडा आणि तो उत्तम करा. पॅचची लांबी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असेल, आणि एचिंगमध्ये (नको असलेले तांबे रसायनाने काढताना) ५० मायक्रॉनची चूक झाली तरी अनुनाद वारंवारता सुमारे ४०० मेगाहर्ट्झने सरकते, म्हणजे तुमचा संपूर्ण चॅनल निसटू शकतो. घरगुती एचिंगचा विचार त्यामुळे सोडून द्यावा.

तरंग२६

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ग्रहणक्षेत्राचा मुद्दा वाचल्यावर बरेच काही जागेवर बसले. बटलर मॅट्रिक्सचा मार्ग मी जवळजवळ निश्चित केला आहे, तरी दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. बटलरच्या चार बीमांपैकी एकही थेट समोर, शून्य अंशांवर येत नाही. तेथे ग्राहक असेल तर काय होते? आणि फेज शिफ्टरच्या अ‍ॅरेत वारंवारता बदलली की बीमची दिशाही सरकते असे वाचले आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये हा परिणाम जाणवण्याइतका असतो का? पावसाच्या प्रश्नाचीही प्रतीक्षा आहे.

उत्तर ३: पर्जन्यमापक

मी बिनतारी जाळ्यांच्या नियोजनाचे काम करतो, म्हणून पावसापासून सुरुवात करतो आणि तुमच्या नव्या प्रश्नांकडे ओघात येतो.

पावसातील क्षीणन दिवसभरात एकूण किती पाऊस पडला यावर अवलंबून नसते, तर त्या क्षणी तो किती वेगाने पडतो आहे यावर असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रारूपानुसार २६ गिगाहर्ट्झला, आडव्या ध्रुवणासाठी, ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात दर किलोमीटरला सुमारे १६ डेसिबेल आणि ताशी ५० मिलिमीटरला सुमारे ८ डेसिबेल क्षीणन होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याची ताशी सरासरी ३९ मिलिमीटर येते, आणि त्या सरासरीला क्षीणन दर किलोमीटरला केवळ साडेसहा डेसिबेल भरते. याउलट वळवाची पंधरा मिनिटांची सर, जिची दिवसाच्या नोंदीत फारशी दखलही घेतली जात नाही, ती या दुव्याला अधिक जड जाऊ शकते. कोकणातील दुव्याचा आराखडा करताना म्हणूनच वार्षिक पर्जन्यमानाचा आकडा बाजूला ठेवावा आणि मिनिटागणिक पर्जन्यवेगाची नोंद मिळवावी.

आता हिशेब मांडू. मनोऱ्यावर ६४ घटकांचा अ‍ॅरे आहे. आठ बाय आठ मांडणीत तो जेमतेम ४६ मिलिमीटर बाजूचा चौरस होतो. प्रत्येक घटकाला १० मिलिवॅट, म्हणजे १० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये मोजलेली) शक्ती दिली. ६४ प्रवर्धकांच्या एकत्रित शक्तीचे १८ डेसिबेल, अ‍ॅरेच्या दिशिकतेचे आणखी १८ आणि प्रत्येक पॅचचे ५ धरले तर परिणामी उत्सर्जित शक्ती ५१ डीबीएम होते. घराच्या छतावरील ग्राहकाला १६ घटकांचा, १७ डेसिबेल गेनचा अँटेना आहे. एक किलोमीटरवर मोकळ्या जागेतील हानी १२०.७ डेसिबेल, म्हणून ग्रहण केलेली शक्ती उणे ५३ डीबीएमच्या आसपास येते. ४०० मेगाहर्ट्झमधील औष्णिक गोंगाट उणे ८८ डीबीएम, ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट १० डेसिबेल धरला तर उणे ७८. संकेत आणि गोंगाट यांतील अंतर २५ डेसिबेल उरते. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत त्यातले १६ गेले तरी ९ शिल्लक राहतात: वेग बराच खाली येतो, पण दुवा तुटत नाही. अंतर २०० मीटर ठेवले तर कोरड्या हवेतील अंतर ३९ डेसिबेल असते आणि तीच सर त्यातले फक्त सव्वातीन डेसिबेल नेते. लहान अंतराच्या जाळ्याला पाऊस हा मुख्य शत्रू नाही, असा याचा अर्थ आहे.

कोकणात मला भीती वाटते ती झाडांची. नारळ-पोफळीच्या झावळ्या आणि आंब्याची पाने या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठी असतात, ओली झाली की अधिक शोषतात आणि वाऱ्याने हलत राहतात. मार्गात एकच दाट झाड आले तरी १० ते २० डेसिबेल सहज जातात, आणि ते क्षणाक्षणाला कमीजास्त होतात. त्याखेरीज अँटेनाच्या आवरणावर साचणारा पाण्याचा पातळ थरही काही डेसिबेल खातो; तो टाळण्यासाठी आवरणावर जलरोधी लेप देतात. शहरात याच जागी धातूचा लेप दिलेली काच येते, जी २० डेसिबेलहून अधिक अडवते.

बीम वळवण्याचा उपयोग येथे होतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील थिओडोर रॅपापोर्ट यांच्या गटाने २८ आणि ३८ गिगाहर्ट्झवर न्यूयॉर्क व ऑस्टिन येथे केलेली मोजमापे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. थेट मार्ग अडलेला असतानाही इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी वेगवेगळ्या दिशांनी पुरेशा शक्तीने येतात आणि २०० मीटरच्या टप्प्यात जाळे चालवता येते, हे त्यांतून दिसून आले. स्थिर ग्राहकालाही थेट मार्ग झाडाने झाकला की शेजारच्या इमारतीवरून येणारा मार्ग पकडता यावा लागतो, आणि त्यासाठी बीम वळवता आला पाहिजे.

मात्र तो कोठे वळवायचा हे कोणीतरी शोधून काढावे लागते. ५जी च्या मानकात मिलिमीटर-पट्ट्यासाठी मनोरा एका फेरीत जास्तीत जास्त ६४ दिशांना ओळखसंकेत पाठवतो. ही फेरी ५ मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि सामान्यतः दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू होते. ग्राहकाकडेही आठ बीम असतील आणि तो प्रत्येक फेरीत एकच बीम तपासत असेल, तर सर्व जोड्या पाहायला १६० मिलिसेकंद लागतात. चालणाऱ्या माणसासाठी हा वेळ पुरेसा आहे: २० मीटरवरून ताशी चार-साडेचार किलोमीटर वेगाने जाणारी व्यक्ती मनोऱ्यावरून पाहता सेकंदाला साडेतीन अंश सरकते, आणि आठ घटकांच्या ओळीचा बीम साडेबारा अंशांचा असतो. पण हातातला फोन मनगटाच्या एका झटक्यात ९० अंश वळतो, आणि तळहात अँटेनावर आला की तो जवळजवळ बंदच होतो. म्हणून फोनमध्ये असे अँटेना एकाहून अधिक कडांना बसवतात, आणि मुख्य बीम तुटण्याआधीच पर्यायी बीम हाताशी ठेवण्याची तरतूद मानकात केलेली आहे.

तुमच्या दोन प्रश्नांबद्दल. बटलरचे शेजारचे दोन बीम शून्य अंशांवर एकमेकांना छेदतात आणि तेथे गेन शिखरापेक्षा सुमारे ४ डेसिबेल कमी असतो. ग्राहक हरवत नाही, पण दुव्याच्या हिशेबात ही घट धरावी लागते. नेमके समोर शिखर हवे असेल तर मधल्या दोन बीमांच्या प्रवेशांना योग्य फेजने एकाच वेळी संकेत देता येतो, मात्र त्यासाठी आणखी एक विभाजक लागतो.

वारंवारतेसोबत बीम सरकतो, कारण फेज शिफ्टर ठरावीक फेज देतो, ठरावीक विलंब नव्हे. ४५ अंशांवर रोखलेला बीम ४०० मेगाहर्ट्झच्या चॅनलच्या कडेला ०.४५ अंशाहून कमी सरकतो. तुमच्या २६ अंशांच्या बीमपुढे ते नगण्य आहे. संपूर्ण सव्वातीन गिगाहर्ट्झचा पट्टा एकाच फेज-संचाने चालवला तर कडेला सरकणे साडेतीन अंशांवर जाते. चार घटकांना तेही चालेल. १६ घटकांच्या, सहा-साडेसहा अंशांच्या बीमला चालणार नाही. तेथे प्रत्येक वाहक वारंवारतेसाठी फेजचा वेगळा तक्ता ठेवतात, किंवा खऱ्या विलंबाच्या रेषा वापरतात.

उत्तर ४: मोजणीकक्ष

तांबेपत्रा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण बटलरच्या बाजूने दिलेला कौल मला पूर्णपणे मान्य नाही. प्रत्यक्ष उपयोगातील अ‍ॅरेमध्ये सर्वांत कष्टाचे काम म्हणजे कॅलिब्रेशन: प्रत्येक शाखेतील फेज आणि गेन मोजणे, त्यातील तफावत काढणे आणि ती तपमानाबरोबर कशी बदलते हे पाहणे. बटलर मॅट्रिक्समध्ये हा अनुभव मिळत नाही, कारण एकदा एचिंग झाले की दुरुस्तीला वावच उरत नाही. महाविद्यालयाला शक्य असेल तर बीमफॉर्मर चिपचा तयार मूल्यांकन-संच घ्यावा आणि त्याला स्वतः रचलेला चार घटकांचा अँटेना जोडावा. खर्चामुळे ते शक्य नसेल तर बटलर उत्तमच आहे, आणि त्या स्थितीत पुढील गोष्टी पॅनेल बनवण्याच्या आधी ठरवून ठेवा.

बटलर आणि पॅच एकाच पत्र्यावर जोडले की मॅट्रिक्सचे चार निर्गम मोजायला मिळत नाहीत. त्यामुळे त्याच पॅनेलवर बटलरची दुसरी प्रत, सर्व आठ टोके मोकळी ठेवून, काढून घ्या. त्याच पॅनेलवर एक सुटा पॅच, एक सुटा कपलर आणि टीआरएल कॅलिब्रेशनसाठी थ्रू, रिफ्लेक्ट व लाइन या रेषाही ठेवा. जागा फार लागत नाही, आणि बीम अपेक्षित दिशेला आला नाही तर दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याचा दुसरा मार्ग नाही. मोजताना न वापरलेल्या प्रत्येक टोकाला ५० ओहमचा भार लावावा.

कनेक्टर २.९२ मिलिमीटर प्रकारचे घ्या. साधे एसएमए कनेक्टर १८ गिगाहर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात. कडेला बसणाऱ्या कनेक्टरचे अंग सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते आणि तुमच्या घटकांमधील अंतर ५.८ मिलिमीटर आहे, म्हणून निर्गमांच्या रेषा पंख्यासारख्या पसरवाव्या लागतील. त्या पसरवताना चारही रेषांची लांबी आणि वळणांची संख्या सारखीच ठेवा.

चार घटकांच्या अ‍ॅरेत आणखी एक गोष्ट नजरेआड होते. चारपैकी दोन घटक काठावरचे असतात, आणि काठावरच्या घटकाला एकाच बाजूने शेजारी असल्यामुळे त्याचा विकिरण-आकृतिबंध मधल्या घटकापेक्षा वेगळा असतो. शिवाय बीम वळवला की शेजाऱ्यांकडून येणाऱ्या संकेताची फेज बदलते आणि प्रत्येक पॅचला दिसणारे परावर्तनही बदलते. सुट्या पॅचचे परावर्तन उणे २० डेसिबेल आले म्हणून समाधान मानू नका, ४८.६ अंशांच्या बीमसाठी चारही घटक एकत्र उत्तेजित करून सिम्युलेशन करा. दोन्ही टोकांना भार लावलेला एकेक निष्क्रिय पॅच ठेवल्यास ही विषमता बरीच कमी होते.

विकिरणाच्या मोजणीसाठी फार मोठा कक्ष लागत नाही. तुमचा अ‍ॅरे २३ मिलिमीटरचा आहे, त्याचे दूरक्षेत्र (जेथून पुढे बीमचा आकार अंतरानुसार बदलत नाही तो भाग) १० सेंटीमीटरच्या आतच सुरू होते; समोरच्या हॉर्नचे तोंड ४ सेंटीमीटरचे असेल तर दोघांची मापे एकत्र धरून ७० सेंटीमीटर अंतर लागते. एक मीटर ठेवा. त्या अंतरावर मार्गातील हानी ६१ डेसिबेल असते. हॉर्नचे २० डेसिबेल आणि अ‍ॅरेचे साधारण ८ डेसिबेल मिळवल्यावर नेटवर्क अ‍ॅनलायझरवर उणे ३३ डेसिबेलची पातळी दिसते, जी मोजायला अजिबात अवघड नाही. फिरता पाट एक-एक अंशाने फिरवा, आजूबाजूला शोषक लावा, आणि पाटाचा आस पॅचच्या पृष्ठभागातूनच जाईल असे पाहा. मुंबईत पवई येथील ‘समीर’ या संस्थेकडे अँटेना आणि सूक्ष्मतरंगांच्या कामाचा दीर्घ अनुभव आहे. विभागप्रमुखांमार्फत तेथे रीतसर विचारणा करता येईल.

हा पट्टा परवान्याचा आहे. मोकळ्या हवेत प्रसारण करण्याआधी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडून प्रायोगिक परवाना घ्यावा, आणि मोजणी बंदिस्त कक्षात करणार असलात तरी त्या शाखेचे नियम आधी वाचून घ्यावेत. अर्जाला वेळ लागू शकतो, म्हणून पॅनेल एचिंगला पाठवाल त्याच आठवड्यात मार्गदर्शकांच्या सहीने अर्जही पाठवा.